तीन पायांची शिडी

ऑक्टोबरातला पाऊस सहा दिवस लागून राहिला. सातव्या दिवशी उघडीप झाली तेव्हा आमच्या बागेत बावीस झाडांची पानं काढायची बाकी होती आणि तोडणी तीन आठवड्यांवर आली होती. फुजी जातीच्या सफरचंदाला लाली यायची तर त्याच्यावर सावली धरणारं पान न् पान हाताने खुडावं लागतं. मग आठवड्याने प्रत्येक फळ देठावर अलगद फिरवून त्याची फिकी बाजू उन्हाकडे करायची. खाली चंदेरी कागद अंथरायचा, म्हणजे बुडालाही उजेड लागतो. एवढं करून रंग धरला तर धरला. फिकं सफरचंद कितीही गोड असलं तरी बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

घरात हात कमी. सासूबाई ऑगस्टमध्ये पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या बागेच्या कडेला उपड्या खोक्यावर उशी घेऊन बसायच्या आणि हुकूम सोडायच्या. माझे यजमान तामोत्सु दिवसभर एकटे खपायचे. मी नगर कार्यालयात आरोग्यसेविका. हंगामात तासा-तासाची रजा काढून तीनला सुटले तरी अंधार पडेपर्यंत जेमतेम दीड तास हाती लागायचा. मुलगा तेप्पेई अकरावीत. शाळेतून बागेत यायचा तो वाकड्या तोंडाने. म्हणून सायोचा आधार मोठा होता.

सायो मिकामींची मुलगी, तेप्पेईच्याच वर्गातली. दोन हिवाळ्यांपूर्वी तिचे वडील छपरावरचं बर्फ ढकलताना खाली आले ते गेलेच. मागे राहिली चाळीस झाडं, सायो आणि तिची आई हिसाए. हिसाए फळांच्या प्रतवारीच्या शेडमध्ये कामाला जाते. फवारणीची गाडी चालवणारं त्या घरात कुणी उरलं नाही. तेव्हापासून आमची त्यांची सावड आहे. तामोत्सु वर्षातून दहा वेळा पहाटे उठून आमच्या बागेबरोबर त्यांचीही चाळीस झाडं फवारतात, आणि त्या मायलेकी पानं काढायला, फळं फिरवायला, तोडणीला आमच्याकडे येतात. कागद नाही, सही नाही. आमच्या खेड्यात सावड मोडली तर माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, नुसती वाट बदलतात.

सायो आणि तेप्पेई उन्हाळ्यापासून एकमेकांबरोबर फिरतात हे कळलं तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही. पोरगी कामसू, तोंडाने कमी, हाताने चलाख. सासूबाईंनी तर दोन बागांमधला बांध काढून टाकला की फवारणीची गाडी कशी सरळ फिरेल तेही ठरवून टाकलं होतं.

त्या रविवारी सकाळपासून आम्ही जुन्या झाडांना लागलो. ही झाडं सासऱ्यांच्या हातची, छत्रीसारखी पसरलेली. आमच्याकडच्या शिड्या तीन पायांच्या. तिसरा पाय फांद्यांत खुपसून ती उभी करायची. पण जुन्या झाडाच्या पोटातली पानं काढायची तर शिडीच्या टोकावरून फांदीवर पाय टाकून आत शिरावं लागतं. एकदा आत गेलं की शिडीवाचून उतरता येत नाही. उडी मारावी तर फांदी हलते आणि तयार फळं झडतात, आणि झडलेलं फळ कुणामुळे झडलं हे बागेत वर्षभर लक्षात राहतं.

दहाच्या चहाला मी भाताचे गोळे आणि कोबीचं लोणचं काढत होते. रेडिओ चालू होता. बघते तर सायो झाडाच्या मधल्या बेचक्यात उभी आणि तेप्पेई तिची शिडी खांद्यावर टाकून दुसऱ्या रांगेकडे निघालेला. तिने वरून हाक मारली, शिडी दे म्हणाली. त्याने मागे न बघता काहीतरी सांगितलं. तिने मग हातमोजा दाताने ओढून काढला, खिशातला फोन काढला, अंगठ्याने दोनतीनदा काहीतरी दाबलं आणि फोन खाली सोडला. त्याने तो टोपीत झेलला. तो तिथेच उकिडवा बसून फोन वाचत राहिला आणि ती वर फांदीला धरून उभी.

तामोत्सु हसले. सासूबाई तर खोक्यावर डुलायला लागल्या. म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांनी माझी शिडी अशीच पळवली होती, मी नवी नवरी असताना; दुपारपर्यंत झाडावर बसवून ठेवली होती, सगळी सावड खाली बसून जेवत होती आणि हसत होती. आम्ही परत हसलो. मीही हसले, हातात लोणच्याचा डबा घेऊन. सायोनेही वरून दात दाखवले. खालच्या चंदेरी कागदाचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता. चहा निवेल म्हणून मी तेप्पेईला हाक मारली, तेव्हा त्याने शिडी आणून लावली.

त्याच आठवड्यात गुरुवारी शाळेत माझा धडा होता.

दर वर्षी ऑक्टोबरात मी अकरावीच्या दोन्ही वर्गांना व्यायामशाळेत एकत्र बसवून हा धडा देते. विषय, प्रेमातला छळ: तो ओळखायचा कसा आणि थांबवायचा कसा. हे माझं नववं वर्ष. पहिल्या वर्षी मी रात्ररात्र जागून तयारी केली होती, आता चित्रं तीच, वाक्यंही तीच. मुलांना तो तास म्हणजे गणितातून सुटका, आणि मला म्हणजे बागेतली गेलेली एक दुपार.

आदल्या दिवशी जेवताना तेप्पेई म्हणाला होता, या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी पाठव. आई समोर उभी राहून असलं काही बोलणार म्हटल्यावर सतरा वर्षांच्या पोराला लाज वाटणारच, असं मी धरून चालले. त्याला म्हटलं, आमच्या कार्यालयात आरोग्यसेविका दोन, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. तू मागच्या ओळीत बस आणि झोप.

तो खरंच मागच्या ओळीत बसला. सायो पुढे मुलींमध्ये, गुडघे पोटाशी घेऊन. फरशी गार होती. शाळेच्या आरोग्यखोलीच्या फुकुशी बाई बाजूला उभ्या होत्या. आधी नाटुकलं झालं. त्यात आम्ही मुद्दाम मुलाचं बोलणं मुलीला आणि मुलीचं बोलणं मुलाला वाचायला देतो. बास्केटबॉलच्या संघातला एक उंच पोरगा बारीक आवाजात म्हणाला, अंघोळ करत होते म्हणून उत्तर दिलं नाही. समोरची मुलगी घोगऱ्या आवाजात म्हणाली, मग अंघोळीचा फोटो पाठव, म्हणजे खरं मानेन. व्यायामशाळा खदखदून हसली. दर वर्षी इथेच हसतात.

मग मी माझी वाक्यं म्हटली. मारलं तरच छळ असं नाही. फोन उघडून दाखव म्हणणं, कुणाशी बोलायचं ते ठरवणं, चारचौघांत खाली पाहायला लावणं आणि मग थट्टा होती म्हणणं, हेही त्यातच येतं. ज्याच्याबरोबर असताना आधी त्याचा चेहरा बघून मग बोलावं लागतं, तिथे काहीतरी चुकतंय. मैत्रिणीने सांगितलं तर तू त्याला सोडत का नाहीस असं विचारू नका, आधी ऐकून घ्या. आणि विश्वासातल्या एका तरी मोठ्या माणसाला सांगा. हे सगळं मी घड्याळाकडे बघत म्हटलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि ते वाया जात होतं.

शेवटी कागद वाटले. वर दहा प्रश्न, खाली मोकळी जागा. नाव लिहायचं नाही, दुमडून डब्यात टाकायचं. कुणी लिहिलं ते मी शोधणार नाही, असा शब्द मी दर वर्षी मुलांना देते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात डबा खाता खाता मी ते कागद वाचले. सगळे मिळून सेहेचाळीस. वाचून त्याचा गोषवारा करायचा आणि कागद पाकिटात घालून फुकुशी बाईंकडे परत द्यायचे, अशी पद्धत. बहुतेकांनी नेहमीसारखंच लिहिलं होतं: फरशी गार होती. झोप आली. मला कुणी आवडतच नाही, मग काय करू. उपयोगी माहिती मिळाली, धन्यवाद. एकतिसावा की बत्तिसावा कागद पेन्सिलीने लिहिलेला होता, अक्षर बारीक.

"झाडावर असताना शिडी काढून नेणं यात येतं का? फोन उघडून खाली दिला की शिडी परत मिळते. पण त्याच्या घरचे सगळे बघतात आणि हसतात, म्हणून बहुतेक यात येत नसेल."

मी तो दोनदा वाचला. डब्याचं झाकण लावलं. मग मी कागद दुमडला आणि पाकिटात न घालता कोटाच्या खिशात ठेवला. संध्याकाळी पंचेचाळीस कागदांचं पाकीट शाळेत पोचवलं. फुकुशी बाईंनी विचारलं, काही काळजीसारखं? मी म्हटलं, नेहमीचंच.

पुढचे चार दिवस मी गप्प बसले. नऊ वर्षं पोरांना सांगत आले की मोठ्या माणसाला सांगा, आणि पोरीने सांगितलं तर ते मोठं माणूस कागद खिशात घालून पानं काढायला गेलं. मनाला मी शंभर कारणं दिली. अजून अकरा झाडं बाकी आहेत. तोडणी होऊ दे. पोरं आहेत, थट्टा करतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एक कारण मात्र मी मनातसुद्धा नीट उच्चारलं नाही. ते असं, की ती गेली तर तिचे दोन हात जातील.

पण आता मला दिसायला लागलं होतं, आणि दिसल्यावर न दिसल्यासारखं करायला फार दम लागतो. सायोचा फोन खिशात थरथरला की ती काम टाकून हातमोजा काढायची. तेप्पेई चार झाडं पलीकडे असायचा, तोच मेसेज पाठवत असायचा. तिच्या बोटांना पानाच्या डिंकाने काळे डाग पडले होते आणि गारठ्याने अंगठ्याला चीर गेली होती; तिथे चिकटपट्टी, चिकटपट्टीवर फोन चालेना म्हणून ती घाईने चिकटपट्टी सोलायची, उत्तर द्यायची, परत लावायची. दुपारी चहाला शेजारच्या बागेतला एक मुलगा रिकामी खोकी परत द्यायला आला. त्याने सायोला नमस्कार केला. तिने आधी तेप्पेईकडे बघितलं आणि मग मान हलवली. माझंच वाक्य माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सोमवारी हिसाए शेडमधून सुटून परस्पर आली, ठेचलेल्या सोयाबीनचं सूप घेऊन. फाटकाशीच नमस्काराला कंबरेत वाकली. या वर्षी शेवटच्या फवारणीनंतर एकाही फळाला काळा ठिपका नाही म्हणाली, तुमच्या यजमानांचे उपकार. मग जरा घुटमळून म्हणाली, सायो हल्ली जेवत नाही. तुमच्याकडे काही चुकलं तर नाही ना तिच्याकडून? चुकलं असेल तर स्पष्ट सांगा, मी समज देईन.

मी म्हटलं, नाही हो, तिचं काही चुकलेलं नाही. एवढंच म्हटलं. हिसाए परत वाकली आणि चिखलातून सायकल ढकलत गेली. तिच्या पाठीला शेडमधल्या फळं वाहणाऱ्या पट्ट्यापाशी दिवसभर वाकून बाक आला आहे. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे.

मंगळवारी मी तीनऐवजी दोनलाच निघाले. त्या दिवशी शाळा अर्धीच होती. तामोत्सु बागायतदारांच्या सहकारी संस्थेत रिकामी खोकी आणायला गेले होते. सासूबाई खोक्यावर पेंगत होत्या. बागेच्या वरच्या टोकाला, जिथून रस्ता दिसत नाही, तिथे सायो झाडाच्या पोटात होती आणि शिडी दोन झाडं पलीकडे गवतात आडवी पडली होती. तेप्पेई खाली चंदेरी कागदावर बूट ठेवून उभा. तो हसत नव्हता. आवाजही चढलेला नव्हता. तो अगदी हळू, समजावल्यासारखं विचारत होता, की काल वर्गात कुणाची वही मागितलीस, आणि फोनमधून पुसलेला तो मेसेज कुणाचा होता. ती फांदीला मिठी मारून उभी होती. वारा डोंगरावरून येत होता, वर रात्री पहिलं बर्फ पडलं होतं. तिच्या पायाखालची फांदी हलत होती, आणि तशातही एका हाताने तिने जवळचं फळ धरून ठेवलं होतं, झडू नये म्हणून.

ते फळ धरलेलं मी बघितलं.

मी गवतातून शिडी उचलली. ती पत्र्याची, हलकी असते, पण मला उचलताना धाप लागली. तेप्पेईने मागे वळून बघितलं आणि त्याचा चेहरा लगेच बदलला, नेहमीसारखा झाला. म्हणाला, "थट्टा चाललीय आई."

"घरी जा," मी म्हटलं.

"आजची अजून तीन झाडं—"

"घरी जा, तेप्पेई."

तो गेला. जाताना त्याने तिच्याकडे एकदा बघितलं. मी शिडी लावली, तिसरा पाय फांद्यांत खुपसला, हलवून बघितला. सायो उतरेना. पाय बधिर झाले होते. मी चार पायऱ्या चढून तिची टाच धरून पायरीवर ठेवली, मग दुसरी. खाली आल्यावर ती चंदेरी कागदावर मटकन बसली आणि आधी कागद फाटला की काय ते बघायला लागली. मी थर्मासमधला चहा तिच्या हातात दिला.

मग मी कोटाच्या खिशातून तो दुमडलेला कागद काढला. शोधणार नाही असा शब्द मी दिला होता, तो मोडला असं तिला सांगितलं. पाच दिवस माझ्याकडे आहे हेही सांगितलं.

"यात येतं," मी म्हटलं. "आम्ही हसलो तरी येतं. मी हसले ते चुकलं."

सायोने कपात बघत विचारलं, "काकू, पण मग आमची फवारणी?"

तिला रडू येत होतं असं नाही. ती हिशेबी माणसासारखी विचारत होती. एप्रिलमध्ये अंकुर फुटतील तेव्हा दहा दिवसांत औषध पडलं नाही तर चाळीस झाडांना बुरशी धरेल, आई शेड सोडून काय काय करणार, गाडी भाड्याने द्यायला या दिवसांत कुणी तयार नसतं. म्हणून तोडणीपर्यंत, मग छाटणीपर्यंत, असं ती पुढे पुढे ढकलत होती. आईला काही सांगितलेलं नव्हतं. तो तसा वाईट नाही, असंही म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं, कारण मी त्याची आई.

उद्यापासून येऊ नकोस असं मी तिला सांगितलं. फवारणी होणार, तू आलीस काय, न आलीस काय. हे मी कुणालाही न विचारता बोलून टाकलं. मी काही ती गाडी चालवत नाही. मग तिला गाडीत घालून हिसाएच्या शेडवर नेलं, आणि पट्ट्याच्या खडखडाटात, हातात फळ घेऊन उभ्या असलेल्या हिसाएला सगळं सांगितलं. ती एकदाही वाकली नाही. तिने फळ जपून खोक्यात ठेवलं, लेकीचा हात धरला आणि माझ्याकडे पाठ केली. मला वाटतं, मला तेच मिळायला हवं होतं.

रात्री जेवणावर मी बोलले. आधी वाडगे भरले आणि मग बोलले, नाहीतर कुणी जेवलं नसतं. सायो आता येणार नाही. का, तेही सांगितलं, कागदावरचे शब्द होते तसेच. आणि एप्रिलपासून मिकामींची फवारणी पूर्वीसारखीच करायची, बदल्यात काही नको.

तेप्पेईने जेवणाच्या काड्या आपटल्या. म्हणाला, सगळ्यांसमोर शाळेत उभी राहिलीस तेवढ्याने पोट भरलं नाही का तुझं. मी तिला कधी हात लावलाय का, विचार तिला. मी म्हटलं, विचारलं नाही, आणि नाही लावलास हे मला माहीत आहे. तरीही. तो म्हणाला, बाबासुद्धा हसत होते. तामोत्सु वाडग्यातल्या भातात काड्या फिरवत राहिले. ते मुळातच कमी बोलतात; मासा काट्यासकट गिळतील, पण काटा आहे म्हणणार नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "सावड म्हणजे हाताला हात. एका बाजूचाच हात कसा चालंल? गावात काय सांगायचं?"

"आन् झाडं ऱ्हायली त्याचं काय," असं सासूबाई म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं, की मी दहा दिवसांची रजा टाकते. त्या सूप पीत होत्या. वाडगा खाली ठेवून त्यांनी तोंड पुसलं.

"मला त्या दिवशी लघवीला लागली व्हती," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळेना.

"झाडावर. शिडी पळवली तवा. सोळा जणं खाली जेवाय बसलेली. मी वर सांगनार कुनाला? सगळी हसतात म्हनून मीबी हसले. मंग झालं तिथंच. वरनं खाली गळलं, तवा आनखीन हसले." त्यांनी लोणच्याची फोड तोंडात टाकली. "एकोनीस वर्साची व्हते. साठ वर्सं झाली, मी हसूनच सांगत आले."

तामोत्सु आईकडे बघत राहिले. ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली असेल, पण हा तुकडा त्यात कधी नव्हता. मग ते उठले, जॅकेट चढवलं आणि बाहेर गेले. छपरीतला दिवा लागला. फवारणीच्या गाडीच्या नळ्या हिवाळ्यासाठी धुवून ठेवायच्या होत्या, ते काम त्यांनी त्या रात्रीच काढलं. आत येऊन हात धुताना एवढंच म्हणाले, "एप्रिलच्या दहा तारखेला जाईन मी त्येंच्याकडं. गावाला काय सांगायचं ते मी सांगंन."

तेप्पेई तोवर आपल्या खोलीत निघून गेला होता.

सकाळी कार्यालयात जाण्याआधी मी शाळेत गेले आणि सेहेचाळिसावा कागद फुकुशी बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, हा कुठे सापडला? मी म्हटलं, "माझ्या खिशात. यातली शिडी आमच्या घरची आहे." त्यांनी कागद परत एकदा वाचला. मग त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि वही काढली. सायोची बसायची जागा बदलली, बसमध्ये तिच्याबरोबर दोन मैत्रिणी असतील असं ठरलं, आणि तेप्पेईसाठी शहरातल्या समुपदेशकाचा शनिवार मिळाला. पुढच्या वर्षीचा धडा दुसरं कुणीतरी देईल का, हे मी विचारणार होते. फुकुशी बाईच म्हणाल्या, तुम्हीच द्यायचा. यात दया होती की शिक्षा, मला कळलं नाही.

पहिले दोन दिवस तेप्पेईने सायोला साठ-सत्तर मेसेज पाठवले. तिसऱ्या दिवशी तामोत्सुंनी त्याचा फोन मागितला. आवाज चढवून मागितला नाही, नुसता हात पुढे करून उभे राहिले. तो माझ्याशी बोलत नव्हता. शनिवारी शहरात जाताना तासभर खिडकीबाहेर बघत राहिला आणि येताना झोपला, किंवा झोपल्यासारखं केलं. आत काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. लहान असताना ताप आला की तो असाच कपाळ काचेला लावून झोपायचा. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या मानेखाली हात घालावासाही वाटत होता.

झाडं मात्र थांबत नाहीत. माझी रजा मंजूर झाली आणि आम्ही तिघं उरलेल्या रांगांना लागलो. सायो दिवसाला करायची त्याच्या निम्मंही माझ्याने होत नव्हतं. मान वर करून करून खांदे भरून आले, बोटांना तिच्यासारखेच काळे डाग पडले. सासूबाई खोक्यावरून हुकूम सोडत होत्या, पण रेडिओ लावा म्हणाल्या नाहीत.

तोडणीच्या आदल्या रविवारी शेवटचं जुनं झाड राहिलं. त्याच्या पोटात शिरायला मला जमेना, म्हणून तेप्पेई चढला. शिडीच्या टोकावरून फांदीवर पाय टाकला आणि आत गेला. मी खाली वाकून फळं फिरवत होते. थोड्या वेळाने कडेच्या उंच फांदीवरची चारदोन पानं राहिलेली दिसली. तिथे हात पोचेना. दुसरी शिडी तामोत्सुंकडे, खालच्या टोकाला. म्हणून मी हीच घ्यायची ठरवून, काही मनात नसताना, शिडीला हात घातला.

वरची पानं खुडल्याचा आवाज थांबला.

मी वर बघितलं. तेप्पेई दोन्ही हातांनी फांदी धरून उभा होता. खालच्या कागदाचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि तोंड पांढरं झालं होतं. तो माझ्या हातांकडे बघत होता.

"आई," तो म्हणाला. मग म्हणाला, "आई, शिडी नको नेऊस."

पंधरा दिवसांत तो माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. खाली कोण उभं आहे त्याच्या मर्जीवर वर टांगून राहणं म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं. आधीही माहीत असणार, म्हणूनच तो ते करत होता. माझा हात शिडीवर होता आणि तो काढून घेणं मला वाटलं तितकं सोपं गेलं नाही. क्षणभर, खरं सांगते, त्याला तसंच ठेवावं असं वाटलं. चहा होईपर्यंत. मग वाऱ्याने त्याच्या पायाखालची फांदी हलली आणि त्याने नकळत जवळच्या फळाला हात लावून धरलं.

मी शिडीचा तिसरा पाय आणखी आत खुपसला, हलवून बघितला.

"इथंच आहे," मी म्हटलं. "तुझं झालं की उतर."

तो बराच वेळ उतरला नाही. पानं खुडल्याचा आवाजही येत नव्हता. मी त्या चार पानांखालची फळं तशीच सोडली. ती फिकीच राहिली.